बोलीवरच्या जुन्या गाड्या: सोलापूर, २०२५ च्या नोंदी

५ जानेवारी २०२५

या वर्षी दिसेल ते घ्यायचं नाही. विषय एकच, भारतात बनलेल्या जुन्या डायकास्ट, साच्यात धातू ओतून केलेल्या खेळण्यातल्या गाड्या, म्हणजे निकी, लिओ, मॅक्सवेल, मिल्टन वगैरे, आणि घ्यायच्या त्या शक्यतो बोलीवरच. कारण या गाड्यांना छापील भाव नाही. दुकानदार एक आकडा सांगतो, कलेक्टरांच्या ग्रुपवर कुणीतरी दुसराच फेकतो, दोन्हीचा मेळ बसत नाही. बोलीवर निदान कळतं की दुसरा माणूस खरोखर किती द्यायला तयार होता.

हाच विषय का ते पण लिहून ठेवतो. डिंकी टॉईज या खेळण्यातल्या गाड्या इंग्लंडात लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मेकॅनो कंपनीच्या कारखान्यात बनायच्या, तो कारखाना १९७९ मध्ये बंद झाला. पण त्याच्या आधीच, १९६० च्या दशकाच्या शेवटाकडं, तिथले वापरून झालेले काही साचे कलकत्त्याला आले आणि त्यातून निकी टॉईज नावानं गाड्या निघाल्या. लिओचं पण जवळपास तसंच, ८० च्या दशकाच्या अखेरीस आणि ९० च्या दशकात मॅटेल या अमेरिकन कंपनीच्या हॉट व्हील्स गाड्या इथं लिओच्या नावानं बनत होत्या आणि त्यातले कितीतरी रंग बाहेरच्या गाड्यांना कधी लागलेच नाहीत. बाहेरचे कलेक्टर या गाड्या शोधत असतात आणि आपल्याकडं त्या भंगाराच्या पोत्यात जातात. ज्या पोरांनी त्या खेळल्या ती आता चाळिशी पन्नाशीची आहेत, घरं पाडून फ्लॅट होतायत, माळे रिकामे होतायत. आत्ता नोंद नाही झाली तर नंतर करायला गाड्याच राहणार नाहीत.

बजेट महिन्याला ४,००० रुपये. उरले तर पुढच्या महिन्यात जमा, उसने घ्यायचे नाहीत. शीट बनवली, त्यात गाडी, तळावरचा मजकूर, रंग, चाकं, विकणारा, माझा वरचा आकडा, शेवटी कितीला गेली. न मिळालेल्या गाड्यांची पण ओळ भरायची, भाव कळतो तो तिथूनच.

१२ जानेवारी

सिद्धेश्वरांची यात्रा सुरू, गड्डा भरलाय. भाच्याला घेऊन गेलो होतो. खेळण्याच्या स्टॉलवर प्लास्टिकची जेसीबी दीडशेची सांगितली, शंभरला मागितली, एकशेवीसला दिली. परत येताना तो म्हणाला, मामा तू इथं भाव खाली ओढतोस आणि रात्री मोबाईलवर वर नेतोस, असं कसं. बरोबर विचारलं त्यानं. त्याला पार्क चौकात उसाचा रस पिता पिता समजावलं ते इथं पण टाकतो, कारण नवीन येणाऱ्या प्रत्येकाची गडबड इथंच होते.

ईबेसारख्या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर आपण जो आकडा टाकतो तो लगेच लागत नाही. तो आपला वरचा आकडा असतो, सिस्टीम तो झाकून ठेवते आणि समोरच्याच्या वर एक पायरी एवढीच बोली आपल्या नावानं लावते. मी ३,००० टाकले आणि दुसऱ्यानं १,८०० पर्यंतच दम धरला तर मला गाडी १,८०० च्या थोडं वर मिळते, ३,००० ला नाही. म्हणजे दुसऱ्या नंबरच्या माणसाचा आकडा आपली किंमत ठरवतो. विल्यम विक्री नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९६१ मध्ये अशा लिलावाचं गणित मांडलं होतं, त्यांना १९९६ चं नोबेल मिळालं. त्यात सोपी गोष्ट ही की अशा लिलावात आपल्याला गाडी जेवढ्याची वाटते तेवढाच आकडा एकदाच टाकायचा, कमी टाकून पण फायदा नाही आणि जास्त टाकून पण नाही.

भाचा म्हणाला मग लोक शेवटच्या दहा सेकंदात का टाकतात. कारण सगळे तसं एकदाच टाकून गप बसत नाहीत. कुणीतरी पुढं गेलं की माणूस पेटतो आणि परत टाकतो, आणि आपण लवकर टाकलं तर त्याला पेटायला चार दिवस मिळतात. ईबेवर वेळ ठरलेली, संपली की संपली, म्हणून तिथं शेवटच्या क्षणाला उड्या पडतात. रॉथ आणि ओकेनफेल्स या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी २००२ च्या त्यांच्या पेपरात हेच दाखवलं होतं, ठरलेल्या वेळेला संपणाऱ्या लिलावात उशिरा बोली जास्त येते, आणि शेवटी बोली आली की वेळ वाढणारा लिलाव असेल तर ते कमी होतं. जपानच्या याहू ऑक्शनवर शेवटच्या पाच मिनिटात बोली आली की वेळ आपोआप वाढण्याची सोय आहे, आपल्या ग्रुपांवर पण बरेच ॲडमिन तोच नियम लावतात. म्हणून आधी नियम वाचायचा आणि मग कधी टाकायचं ते ठरवायचं. कितीचं ते मात्र त्याच्याही आधी ठरलेलं पाहिजे.

१९ जानेवारी

पहिली कामाची लिस्टिंग. लिओची गाडी, कार्ड म्हणजे मूळचं पुठ्ठ्याचं पॅकिंग नाही, सुटी. विकणाऱ्यानं मोठ्या अक्षरात लिहिलंय १९८२ ची दुर्मिळ गाडी. तळावर १९८२ आहे, खरंय, पण हॉट व्हील्सच्या तळावरचं ते साल त्या साच्याच्या कॉपीराइटचं असतं, ती गाडी कधी बनली त्याचं नाही. तोच साचा पुढं वीस वर्षं चालला तरी साल तेच राहतं. त्यामुळं तळावर १९८२ आणि खाली इंडिया असेल तर ती गाडी नक्कीच ८२ ची नाही, लिओचा काळच नंतरचा आहे. नव्या गाड्यांचं वेगळं, २००८ पासून तळावर एक अक्षर आणि दोन आकडे असा छोटा कोड मारलेला असतो, अक्षर वर्षाचं आणि आकडे आठवड्याचे, ए म्हणजे २००८, बी म्हणजे २००९ असं पुढं. त्यावरून कार्डातनं काढलेली गाडी पण कधीची ते ओळखता येतं.

माझ्या लेखी गाडीचा तळ म्हणजे सातबारा. वरून सगळं चकचकीत करता येतं, पण नाव, गाव आणि कुणी हात घातला ते सगळं खाली लिहिलेलं असतं. त्यामुळं तळाचा फोटो नसेल तर बोली नाही, हा पहिला नियम आणि याला अपवाद करायचा नाही.

या विकणाऱ्यानं मागितल्यावर दिला. साफ फोटो, तळ जोडणारे रिव्हेट मूळचे. ९०० रुपये माझा आकडा, ६४० ला मिळाली. साल चुकीचं लिहिलं म्हणून माणूस वाईट असतो असं नाही, त्याच्या मामाच्या घरात सापडलेली गाडी होती, त्याला जे दिसलं ते त्यानं लिहिलं. त्याला मेसेज करून सालाचं सांगितलं, त्यानं पुढच्या लिस्टिंगमध्ये दुरुस्त पण केलं, बरं वाटलं.

२ फेब्रुवारी

विकणाऱ्याला पाठवायचा मेसेज एकदाच नीट लिहून ठेवला, दरवेळी नव्यानं टाइप करताना काहीतरी राहतंच.

"नमस्कार दादा, गाडी आवडली. बोली लावायच्या आधी एवढं पाठवाल का. तळाचा फोटो उजेडात, फ्लॅश न मारता. दोन्ही रिव्हेट जवळून. चाकांचे फोटो बाजूनं, एक्सलची टोकं दिसतील असे. टॉर्च आडवी धरून टपाचा आणि बॉनेटचा फोटो. आणि एक फोटो गाडीशेजारी कागदावर आजची तारीख लिहून. काही बदललं असेल, रंग मारला असेल तर सांगा, तरी पण घेईन कदाचित, फक्त माहिती पाहिजे."

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. रंग मारलेली गाडी विकणं हा गुन्हा नाही. कलेक्टर लोक त्याला कोड थ्री म्हणतात, म्हणजे कंपनीच्या परवानगीशिवाय कुणीतरी बदललेली, आणि त्या भावात ती घ्यायला हरकत काहीच नाही. हरकत आहे ती मूळ म्हणून मूळच्या भावात देण्याला. माणसाला सांगायला जागा ठेवली की बरेच जण खरं सांगतात.

आता हे का मागायचं ते. गाडी उघडायची असेल तर तळाचा रिव्हेट ड्रिल करून काढावा लागतो, त्याशिवाय तळ निघत नाही. कारखान्यातला रिव्हेट गोल, दाबून पसरलेला, त्याच्यावर जुनेपणाची तीच छटा असते जी बाकी तळावर आहे. उघडलेल्या गाडीत मधोमध चमकता धातू दिसतो, नाहीतर बारीक स्क्रू, नाहीतर गोंदाचा पिवळसर ओघळ. टॉर्च आडवी का, तर समोरून मारलेल्या उजेडात टचअप दिसतच नाही, आडव्या उजेडात नव्या रंगाची कड वेगळी उठते आणि चमक तुटते. एक्सलची टोकं का, तर चाकं बदलली की टोकं परत ठोकावी लागतात आणि ती मूळच्यासारखी होत नाहीत. मॅचबॉक्सच्या गाड्यांना तर हे फार महत्त्वाचं, त्या बनवणाऱ्या लेस्नी कंपनीनं १९६९ पासून सुपरफास्ट चाकं आणली, त्याच गाडीला जुनी चाकं का नवी यावर भावात मोठा फरक पडतो आणि म्हणूनच चाकं बदलण्याचा उद्योग होतो.

तारखेची चिठ्ठी का ते सांगायला नकोच, फोटो दुसऱ्याचे उचलून लिस्टिंग टाकणारे आहेत. गूगल लेन्सवर टाकून बघायचं, तोच फोटो जुन्या कुठल्या विक्रीत असला तर लगेच निघतो.

१६ फेब्रुवारी

मॅक्सवेलचा ट्रक, ईबेवर, विकणारा दिल्लीकडचा. बोलीची हिस्ट्री उघडून बघितली. नावं झाकलेली असतात पण नावाशेजारी फीडबॅकचा आकडा असतो आणि त्यावर क्लिक केलं की त्या माणसानं गेल्या ३० दिवसांत किती बोल्या लावल्या आणि त्यातल्या किती टक्के याच विकणाऱ्याच्या मालावर लावल्या ते दिसतं. इथं एक खातं, फीडबॅक शून्य, सगळ्या बोल्या याच विकणाऱ्यावर, आणि दर लिलावात शेवटच्या दिवशी गायब. म्हणजे घरचाच माणूस भाव चढवायला बसवलाय असा दाट संशय येतो. सिद्ध करता येत नाही. कुणी खराच एकाच माणसाकडून घेणारा असू शकतो, मी पण कलकत्त्याच्या एका काकांकडून सलग घेतलंय. पण शून्य फीडबॅक आणि कधीच न जिंकणारा असं दोन्ही एकत्र दिसलं की मी सोडून देतो. ट्रक सोडला.

फीडबॅक वाचताना नुसती टक्केवारी बघायची नाही. आधी काय विकलंय ते बघायचं. शंभर दीडशेची मोबाईल कव्हरं विकून ९९ टक्के कमावलेलं खातं आज एकदम दहा हजाराची खेळणी टाकत असेल तर थांबायचं. आणि वाईट फीडबॅकला त्यानं उत्तर काय दिलंय ते वाचायचं, तिथं माणूस कळतो.

२३ फेब्रुवारी

ग्रुपमधल्या एकाला गाडी आलीच नाही, विकणाऱ्यानं पैसे परत देतो म्हणून क्यूआर कोड पाठवला, स्कॅन करून पिन टाका म्हणाला. नशीब, आपल्या माणसानं आधी ग्रुपवर विचारलं. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही, पिन टाकला की पैसे आपल्याकडनं जातात. गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. ग्रुपवर हा मेसेज सगळ्यात वर लावून ठेवला.

९ मार्च

आजची नोंद मोठी होणार. इंग्लंडमधून निकीची मर्सिडीज २२० एसई आलीय लिलावात, डबा नाही, रंग बराच चांगला, आणि तळाचा फोटो विकणाऱ्यानं न मागता टाकलाय. ही मला पाहिजे. पण पाहिजे म्हणून आकडा वाढत नाही, हिशोब करून बघू.

बाजारभाव आधी. ईबेवर मागितलेल्या किमती बघून काही कळत नाही, कुणीही काहीही मागतो. सोल्डचा फिल्टर लावायचा, गेल्या साधारण ९० दिवसांत खरोखर विकलेल्याच दिसतात. त्यात पण खालची वरची टोकं सोडून मधल्या बघायच्या. माझ्या अंदाजानं ही गाडी या अवस्थेत ३५ पौंडाची. टपाल १६ पौंड. झाले ५१, म्हणजे साधारण ५,६०० रुपये. कार्डावर परदेशी व्यवहाराचा मार्कअप वेगळा, त्यावर जीएसटी. आणि कार्डाच्या ॲपमध्ये इंटरनॅशनल चालू केलेलं आहे का ते आधी बघायचं, ते बंद असलं की ऐन शेवटी पेमेंट अडकतं.

आता कस्टम्स. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल एक्स्पोर्टच्या ऑफिसात काम करतो त्यामुळं आमच्या सीएचएला, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटला, विचारता येतं. ड्युटी नुसत्या गाडीच्या किमतीवर लागत नाही, टपालखर्च धरून जी किंमत होते तिच्यावर लागते, आणि मग ड्युटीसह जे होईल त्यावर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. खेळण्यांवरची मूळ ड्युटी २०२० च्या बजेटमध्ये २० वरून ६० टक्के केली, २०२३ मध्ये ७० केली. स्वतःसाठी मागवलेल्या पार्सलचं कलम वेगळं आहे, पण पार्सल कशात धरलं जाईल ते मुंबईत बसलेला अधिकारी ठरवतो, मी नाही, म्हणून मी नेहमी वाईटातला आकडा धरतो. तो धरला की ५,६०० ची गाडी अकरा हजाराच्या आसपास जाते. वर २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झालाय, एवढ्या जुन्या गाडीला तो कुठून असणार, तिथं पार्सल अडकलं तर पत्रव्यवहार. गिफ्ट म्हणून पाठव असं विकणाऱ्याला सांगणारे आहेत. मी सांगत नाही. एक तर खोटं डिक्लरेशन, आणि दुसरं, पोस्टानं येणाऱ्या गिफ्टची ५,००० पर्यंतची जुनी सवलत डिसेंबर २०१९ मध्येच काढून टाकलीय.

कलकत्त्यात बनलेली गाडी इंग्लंडला गेली आणि परत आणायला दुप्पट पैसे, याचं वाईट वाटतंच. पण आकडा आकड्याच्या जागी. बोली लावली नाही. ४१ पौंडाला गेली, शीटमध्ये ओळ भरली. ती ओळ पुढं कामाला येईल, निकीच्या मर्सिडीजचा एक पक्का भाव हातात आला.

३० मार्च, पाडवा

लढाईच्या आधीची डिंकी, म्हणजे १९३० च्या दशकातली, एकजण फार स्वस्तात देतोय, ग्रुपवर सगळे तुटून पडलेत. माझा विषय नाही पण दोघांनी मला विचारलं म्हणून फोटो मोठा करून बघितला. टपावर केसासारख्या बारीक भेगा, आणि पुढचा बंपर जरा वाकून फुगल्यासारखा. हा झिंक पेस्ट. जस्ताच्या मिश्रधातूत शिसं वगैरेची भेसळ राहिली तर धातू आतून कणाकणानं कुजत जातो, फुगतो, भेगाळतो आणि एक दिवस हातात तुकडे येतात. दमट आणि उष्ण हवेत वेग वाढतो. याला औषध नाही. रंग मारून, गोंद घालून काही होत नाही. जवळच्या दुसऱ्या गाडीला हा लागत नाही, तेवढी भीती नको, पण पैसे लावायचे नाहीत. दोघांना तसं कळवलं. एकानं तरी पण घेतली, म्हणाला आहे तेवढे दिवस बघीन. ठीक, माहीत असून घेतली तर माझं काहीच म्हणणं नाही.

२० एप्रिल

ऊन चढलंय. दुपारी बाहेर पडवत नाही, आणि पार्सलं पण याच उन्हातनं येणार. कार्डवरची गाडी असेल तर उन्हाळ्यात ब्लिस्टरचा, म्हणजे गाडीवरच्या पारदर्शक प्लास्टिकच्या कवचाचा, गोंद सुटायची भीती असते, कार्ड वाकतं. मी सगळ्यांना सांगतोय की सोमवारी मंगळवारीच टाका, म्हणजे रविवारी कुठं गोदामात पडून राहणार नाही. आणि गाडी टिश्यूत गुंडाळून मग बबल रॅप, थेट बबल नको, जुन्या रंगावर बबलचे गोल ठसे उमटलेले मी बघितलेत. डबा असेल तर डबा वेगळा, गाडी त्याच्यात घालून पाठवायची नाही, धक्का लागला की आतल्या गाडीनंच डब्याची फ्लॅप फाटते.

घरात काचेचं कपाट पश्चिमेच्या भिंतीवरनं काढून आतल्या खोलीत लावलं. सिलिका जेलच्या पुड्या बदलल्या. रबरी टायर असलेल्या गाड्या प्लास्टिकच्या तळावर उभ्या ठेवायच्या नाहीत, रबर-पीव्हीसीतलं तेलकट द्रव्य प्लास्टिकला खातं आणि टायरचा आकार कोरला जातो. खाली साधा कागद टाकला. बायको म्हणाली कागदापेक्षा चादरीचं कापड घाला, आपल्या गावात त्याची काय कमी. पण रंगीत सूत नको, रंग लागला तर. पांढरं मांजरपाट धुऊन घातलं.

ताईची लहान मुलगी आली की कपाटाला कुलूप. एवढ्या जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि ती अजून सगळं तोंडात घालते. तिच्यासाठी वेगळ्या नव्या गाड्या आहेत.

४ मे

डब्याची भानगड. लिओची गाडी कार्डसकट, नवी कोरी, न उघडलेली असं लिहिलंय. किंमत त्याच हिशोबानं. कार्डाचा फोटो मागवला तर कडेनं ब्लिस्टरची रेघ दुहेरी दिसली, म्हणजे एकदा निघून परत चिकटवलेली. कार्डावरचा कागद त्या रेघेपाशी किंचित उकललेला. विचारलं तर म्हणाला असंच आलं होतं कंपनीतनं. असेल. पण मी कार्डाचे पैसे देणार नाही, सुट्या गाडीचा आकडा लावला, साहजिकच मिळाली नाही.

आणि डब्याचं अजून एक. जुने डबे आता स्कॅन करून छापतात आणि बाहेरचे प्रामाणिक लोक ते नवे म्हणूनच विकतात, पण दोन हात बदलले की नवा डबा जुना होतो. दहा पट मोठं करणारं भिंग ठेवायचं. जुन्या डब्यात बरेच रंग सलग छापलेले असतात, पिवळा म्हणजे पूर्ण पिवळा, अक्षराची कड साफ. स्कॅनवरून छापलेल्यात तीच जागा बारीक रंगीत ठिपक्यांची दिसते आणि अक्षरांच्या कडेला पण ठिपके येतात. फोटोवरून हे कळत नाही, म्हणून डब्यासाठी जास्त पैसे द्यायचे तर परत घेण्याची अट लेखी पाहिजे, व्हॉट्सॲपवर का होईना.

१८ मे

हरलो. लिओची एक रंगीत गाडी, माझा आकडा १,५००, गेली १,५५० ला. भाचा शेजारी बसला होता, म्हणाला मामा पन्नास रुपयांसाठी सोडली. तसं नाही ते. समोरच्याचा वरचा आकडा झाकलेला होता. १,५५० दिसतंय ते माझ्या १,५०० च्या वर एक पायरी म्हणून, त्याचा खरा आकडा २,५०० पण असेल. मी १,६०० केले असते तर तो १,६५० झाला असता, आणि गाडी त्याचीच राहून किंमत मात्र मी वाढवली असती. माझी पण एक गोष्ट आहे, ही गाडी १,५०० च्या वर गेली तर मला हळहळ वाटणार नाही असा विचार करूनच मी आकडा लिहितो. लिहिताना तो आकडा जरा चावतो तेव्हाच बरोबर बसलाय असं समजायचं.

८ जून

पहिला पाऊस झाला, हवा सुटली. आणि ग्रुपच्या लिलावात कलकत्त्याच्या एकानं निकीची मर्सिडीज टाकली, तीच २२० एसई, निळी. बेस ३,०००, पायरी १००, शेवटच्या पाच मिनिटात बोली आली तर पाच मिनिटं पुढं. इंग्लंडचा ४१ पौंडाचा भाव शीटमध्ये आहेच, म्हणजे साधारण साडेचार हजार, ती गाडी याच्यापेक्षा थोडी चांगली होती. मेसेज टाकला, तासाभरात सगळे फोटो आले, तारखेच्या चिठ्ठीसकट. आडव्या टॉर्चच्या फोटोत डाव्या मागच्या दरवाज्यापाशी टचअपसारखं काहीतरी दिसतंय. त्यांना विचारलं, ते म्हणाले दादा, माझ्या लहानपणी बाबांनी तिथं ब्रशनं रंग लावला होता, लपवत नाही, फोटो मुद्दाम टाकलाय. या उत्तरावर माझा विश्वास बसला. माझा आकडा ४,२००. मागचे महिने काही न घेता गेले त्यामुळं जमा आहेत तेवढे.

१० जून

४,१०० ला मिळाली. शेवटी आम्ही दोघंच होतो, तीनदा वेळ वाढली, समोरचा ४,००० ला थांबला. ४,२०० म्हणाला असता तर मी सोडली असती आणि फोन बंद करून झोपलो असतो. स्पीड पोस्टानं येतेय, सोमवारी टाकतो म्हणाले.

१९ जून

पार्सल आलं. अनबॉक्सिंगचा व्हिडिओ, पत्त्याच्या लेबलपासून सुरू करून न थांबवता, सहाही बाजू दाखवून मग कटर. कुणावर संशय म्हणून नाही, पोस्टात काही झालं असेल तर विकणाऱ्याला पण तोच पुरावा लागतो.

खिडकीशी नेऊन भिंगातनं बघितली. दोन्ही रिव्हेट मूळचे, कुणी हात लावलेला नाही. रंग डिंकीपेक्षा जाड बसलाय, दरवाज्यांच्या रेघा त्यामुळं बुजल्यासारख्या, चाकांच्या कमानीत एक ओघळ तसाच वाळलाय. तळावर डिंकीच्या जागी निकी आहे आणि त्या अक्षरांभोवतीचा धातू बाकी तळापेक्षा वेगळा, जरा खरबरीत लागतो, नखानं कळतं. कुणीतरी कलकत्त्यात बसून तो साचा बदललाय त्याचीच ती खूण. दरवाज्यापाशी ब्रशचे केस दिसतात असा निळा, मूळच्या निळ्यापेक्षा एक छटा गडद, आणि तो रंग पण आता जुना झालाय. काढायचा नाही. शीटमध्ये शेरा लिहिला, विकणाऱ्याच्या वडिलांनी लावलेला, साल माहीत नाही.

विकणाऱ्या काकांना व्हिडिओ आणि फोटो पाठवले, फीडबॅक लिहिला. ते म्हणाले अजून एक जीप आहे, माळ्यावर शोधतो, पण लिलावातच टाकीन, सगळ्यांना संधी मिळू दे. बरोबर आहे. तळाचा फोटो तेवढा आधी टाका म्हणलं.